मोड आणलेला नाचणा पावसाळ्यात अख्खा ठेवावा की दळून?

अख्खाच. मोड आणून वाळवलेला नाचणा जूनआधी सगळा दळून डबे भरावेत का, असं तुम्ही विचारलंत आणि मला माझ्या लेकीचा पहिला पावसाळा आठवला.

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मृग लागला की इथून वर कणकुंबीपर्यंत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. लेकीच्या लापशीसाठी मी वैशाखात १० किलो नाचणा भिजवला, ओल्या फडक्यांत बांधून मोड आणले, अंगणात ३ कडक उन्हं दिली. मोड चोळून, सुपात पाखडून काढले. ते कडू लागतात आणि ओलही आधी तेच ओढतात. दाणा दाताखाली कटकन फुटत होता. त्यातला २ किलो मी अख्खाच स्टीलच्या डब्यात भरून माझ्या खोलीत ठेवला. बाकीचा थोरल्या जाऊबाईंनी गिरणीत पाठवला. पावसात वीज नसते, गिरण बंद असते, एकदाच दळून मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. पीठ आलं ते हाताला चटका बसेल इतकं गरम, आणि तसंच पत्र्याच्या पिंपात भरून झाकण दाबलं.

श्रावणात पिंप उघडलं तर कडेला गुठळ्या, कोंदट वास. गुरांना घालायच्याही लायकीचं राहिलं नव्हतं. सगळं पीठ उकिरड्यावर गेलं आणि ठपका माझ्यावर आला, "तुझं वाळवणच कच्चं." सासूबाई गप्प बसल्या, ते जास्त लागलं. गणपतीत मी खोलीतला डबा उघडला. त्याच उन्हात वाळलेला तो नाचणा अजून कटकन फुटत होता.

गरम पीठ झाकलं की वाफेचं पाणी होऊन परत पिठातच उतरतं. शिवाय दळल्यावर साल फुटतं, ओल सगळीकडून शिरते. साधा नाचणा वर्षानुवर्षं टिकतो म्हणून मोडाचाही टिकेल असं धरू नका. मोड येताना दाणा आतून भुसभुशीत झालेला असतो. जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणून घरी बिअर करणारेसुद्धा तो अख्खा ठेवतात आणि लागेल त्या दिवशी भरडतात.

तेव्हा पंधरवड्यापुरतंच दळा. गिरण बंद असली तर मिक्सर आहे. पीठ परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरा. हां, मुळात ऊनच कमी पडलं असेल तर अख्ख्या दाण्यालाही बुरशी धरेल. तशी शंका असेल तर डबा भरण्याआधीच कढईत मंद आचेवर शेकून घ्या. खरपूस भाजू नका, लापशी सैल ठेवणारा मोडाचा गुण जातो. आणि कोंदटलेलं पीठ परत उन्हात घालून बाळाला कधीच देऊ नका.

घरात कुणी वाळवणावर बोट ठेवणारं असेल तर एक डबा अख्खा वेगळा ठेवाच, आणि वेळ आली की सगळ्यांसमोर उघडा. मी माझा उघडला तेव्हा खोलीत मी एकटीच होते.