वाचकांचे प्रश्न : पऱ्हाटीतली तूर आणि मोशेचं नियमशास्त्र

प्रश्न : आमची आर्वी तालुक्यात कोरडवाहू शेती आहे. दरसाल पऱ्हाटीत तुरीचे तास असतात. यंदा माझे दीर एका शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी बायबलातल्या लेवीय पुस्तकाचं १९:१९ उघडून दाखवलं : शेतात दोन जातींचं बी पेरू नये. “देवाचा शब्द आहे, पाळायचा की नाही तेवढं सांगा,” म्हणतात. सासूबाई घाबरल्यात. मागे बोंडअळीनं पीक नेलं ते ह्याच्यामुळेच, असं त्यांनी मनाशी धरलंय. तुमच्या लिखाणात तो जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर येतो. त्याचं यावर म्हणणं काय?
– एक भगिनी, जि. वर्धा

उत्तर : ताई, आधी तूर पेरा. पाऊस बरा झाला की सरकी टोबताना तिचंही बी पडू द्या. बाकीचं बोलणं डवरणीच्या वेळीही होईल.

आता तुमच्या दिरांचं. त्यांनी दाखवलेलं वचन खरं, पण त्यांनी ते अर्ध्यावर सोडलं. त्याच वचनात पुढे दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये असंही आहे. भाऊजी टेरिकॉटची पँट घालूनच शिबिराला गेले असणार! थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच, आणि तो ल्यूथरचाच आहे : ज्याच्या हातून इस्राएलाला देवाचे कायदे मिळाले त्या मोशेची एक आज्ञा बंधन म्हणून डोक्यावर घेतली की सगळा मोशे घ्यावा लागतो. प्रेषित पौलानं गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सुंतेबद्दल हेच बजावलं होतं.

माझी सासुरवाडी छिंदवाड्याची. तिकडे स्वीडिश मिशनमुळे ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरच्या पंथाची, मंडळी आहेत. सासरे ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे त्याचं विश्वासाच्या शिकवणीचं छोटं पुस्तक, तोंडपाठ म्हणायचे. मला त्याच्या लिखाणाची गोडी लागली ती तिथेच. १५२५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं विटेनबर्गला मोशेवर एक प्रवचन केलं. त्याच वर्षी जर्मनीत शेतकऱ्यांचं बंड रक्तात बुडालं होतं आणि मोशेचे कायदे जसेच्या तसे लोकांवर लादू पाहणारे प्रचारक गावोगाव फिरत होते. त्यांचाही सवाल तुमच्या दिरांसारखाच असे : देवाचा शब्द आहे की नाही? ल्यूथरचं उत्तर असं, की शब्द देवाचा आहे एवढं पाहून भागत नाही, तो कोणाला सांगितलाय तेही पाहावं लागतं. देवानं नोहाला तारू बांधायला सांगितलं म्हणून आपण वर्धा नदीच्या काठी लाकडं रचत नाही. मोशेचा कायदा हा इस्राएलाचा देशी कायदा, असं तो म्हणे. जमिनीच्या नोंदीला छिंदवाड्याला खसरा चालतो, आमच्याकडे सातबारा, तसंच हे.

दहा आज्ञांचाही त्यानं अपवाद केला नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आज्ञांच्या आधी देव म्हणतो, मी तुला मिसर देशातून बाहेर आणलं. ल्यूथर म्हणतो, आम्हाला कुठे मिसरातून आणलं? मग खून, चोरी चालेल का? नाही. ते चुकीचं आहे हे माणसाच्या काळजावर आधीच लिहिलेलं आहे. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल तेच सांगतो. मोशेनं ते नेमक्या शब्दांत मांडलं, म्हणून मोशे शिकवत राहायचा. तुरीबद्दल मात्र काळजावर काही लिहिलेलं मला तरी दिसत नाही.

म्हणून जुना करार, म्हणजे मोशेचे कायदे ज्यात आहेत तो बायबलचा पहिला भाग, गुंडाळून ठेवायचा असं नव्हे. ख्रिस्ताची वचनं आणि विश्वासाची उदाहरणं यांसाठी तो वाचावाच, असं ल्यूथर सांगतो. आणि मोशेचे काही कायदे त्याला इतके आवडत, की राजेलोकांनी ते आपणहून उचलावेत असं त्याला वाटे. त्यात पहिला दशमांश. दहावा हिस्सा द्यायचा म्हणजे शेत जास्त पिकलं तर जास्त, कमी पिकलं तर कमी. आणि आमच्याकडे काय, असं तो विचारतो : गारपिटीनं सगळं पीक झोपलं तरी शंभर गुल्डनचा (तिथलं तेव्हाचं नाणं) सारा भरावाच लागतो! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रवचन विटेनबर्गचं की यवतमाळचं असा प्रश्न पडला. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता पीक बघून ठरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

सासूबाईंना मात्र हा सगळा इतिहास ऐकवू नका. त्यांची भीती वेगळी आहे. ल्यूथरन वाचनात प्रत्येक उताऱ्याला विचारतात : इथे देव मागतोय की देतोय? मागतो ते नियमशास्त्र, देतो ती सुवार्ता. नियमशास्त्राचं मोठं काम पाप दाखवण्याचं; त्यातून सुटका ते करत नाही. बोंडअळीचा हिशेब पापाशी लावून बसलेल्या बाईला आणखी एक आज्ञा ऐकवायची नसते. त्यांच्याजवळ बसून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचा, पहिल्या वचनापासून : ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही, असं तिथे आहे. अळीसाठी कृषी सहायकाला विचारून कामगंध सापळे लावा.

प्रश्न : ल्यूथरनं नव्या करारातलं याकोबाचं पत्र बायबलमधून काढून टाकलं होतं, हे खरं का?
– एक वाचक, दिग्रस

उत्तर : नाही. १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्यानं त्याला गवताचं पत्र म्हटलं, कारण जे ख्रिस्ताकडे नेतं तेच त्याच्या लेखी वजनदार. ते वाक्य पुढच्या आवृत्त्यांतून गळलं. पत्र मात्र त्यानं भाषांतरित केलं, छापलं, फक्त इब्री, यहूदा आणि प्रकटीकरण या पुस्तकांबरोबर नव्या कराराच्या शेवटच्या रांगेत बसवलं. १५३४ च्या पूर्ण बायबलात तर आपल्या मराठी प्रोटेस्टंट प्रतींत नसलेली तोबीत, यहूदीथ यांसारखी पुस्तकंही दोन करारांच्या मध्ये आहेत : पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत, पण वाचायला चांगली, अशी नोंद करून.