बाथरूममधला गॅस गिझर, बंद केलेली खिडकी आणि मालक म्हणतो "तुम्हालाच फिट येते"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, पुण्यात लीव्ह अँड लायसन्सवर टू-बीएचके, बाथरूममधे गॅस गिझर, आणि मालकाने ड्राय बाल्कनी स्लायडिंग लावून बंद केल्यामुळे बाथरूमची खिडकी आता बाहेर न उघडता त्या बंद खोक्यातच उघडते. जानेवारीत आंघोळ करताना ताई पडल्या, नवऱ्याने कडी तोडून बाहेर काढलं. मालक म्हणतो गॅसचा वास आला होता का, नाही ना, मग तुम्हाला फिट येत असणार. घर सोडायचं तर लॉक-इनचे (करारात लिहिलेली, ज्याच्या आत घर सोडता येत नाही ती मुदत) पाच महिने बाकी, डिपॉझिट विसरा म्हणतो.

कायद्याचं नंतर, आधी तो गिझर आजपासून बंद. खिडकी उघडी ठेवून पण नाही, "फक्त पाच मिनिटं" पण नाही. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही. सिलिंडरला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळे वास आला नाही म्हणजे गिझर चांगला या बोलण्याला काही अर्थच नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर यात फसतं, आकडा नॉर्मल दाखवू शकतं.

आता तुमच्या केसचा खरा अडकलेला धागा म्हणजे डिस्चार्ज कार्ड. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात "फिट?" असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय आणि मालक तेवढ्यावरच उड्या मारतोय. गिझरमुळे झालेली बेशुद्धी हुबेहूब फिटसारखी दिसते, न्यूरोलॉजिस्ट लोकांना हे चांगलं माहिती आहे, त्याला गॅस गिझर सिंड्रोम असंच म्हणतात. अडचण ही की कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची (म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची) तपासणी तेव्हाच्या तेव्हा करावी लागते, ऑक्सिजन लावला की तासा-दीड तासात ते प्रमाण निम्म्यावर येतं, त्यामुळे आज रक्त देऊन उपयोग नाही. म्हणून हॉस्पिटलमधे लेखी अर्ज करून सगळे केसपेपर मागा, त्यात ब्लड गॅसचा रिपोर्ट आहे का बघा, आणि न्यूरोलॉजिस्टला ती बाथरूम, गिझर, बंद खिडकी सगळं नीट सांगून त्यांचं मत लेखी घ्या. ईईजी, एमआरआय नॉर्मल असेल आणि आधी कधीच फिट आली नसेल तर तेही त्यात यायला हवं.

कायदा काय म्हणतो? तुम्ही कायद्याने भाडेकरू नाही, लायसन्सी (मालकाच्या परवानगीने राहणारे) आहात, आणि इथे बरेच जण चुकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मधे मालकाला नोटीस देऊन दुरुस्ती आपण करायची आणि भाड्यातून कापायची अशी सोय आहे, पण ती भाडेकरूला. तुम्ही तसं कापायला गेलात तर मालक म्हणेल भाडं थकवलं, म्हणून भाडं पूर्ण आणि वेळेवर देत रहा. तुमच्या कामाचा कायदा जुना आहे, भारतीय सुखाधिकार कायदा १८८२, कलम ५७ आणि ५८. जागेत जिवाला धोका होईल असा दोष मालकाला माहिती आहे आणि तुम्हाला नाही, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक (५७), आणि जागा धोकादायक होईल असं काही त्याने करायचं नाही (५८). म्हणजे ते स्लायडिंग कधी लागलं हे फार महत्त्वाचं. तुम्ही रहायला आल्यावर लावलं असेल तर ५८ सरळ बसतं, आधी लावलेलं असेल तर त्याला धोका माहिती होता हे दाखवावं लागेल.

आणि तिथेच कामाला येतं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य, की वॉचमन म्हणाला आधीच्या भाडेकरूंचा मुलगा पण त्याच बाथरूममधे चक्कर येऊन पडला होता. ताई, अख्ख्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य ते आहे!

लॉक-इनचं म्हणाल तर तुमचं ॲग्रीमेंट नुसतं नोटरी केलेलं आहे, रजिस्टर नाही. भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे (हे कलम मात्र लीव्ह अँड लायसन्सलाही लागतं) रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत तुमचं म्हणणं धरलं जातं. याने लॉक-इन आपोआप उडत नाही कारण त्या कागदावर तुमची सही आहे, पण मालकाचा आवाज नक्की खाली येईल. शिवाय करार कायद्याचं कलम ७४, करारात दंड कितीही लिहा, कोर्ट वाजवी भरपाईच देतं, अख्खं डिपॉझिट गिळता येत नाही. नाहीच दिलं तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो.

महापालिकेच्या बांधकाम विभागात दहा रुपयांच्या फीवर माहिती अधिकाराचा अर्ज टाकून मंजूर नकाशा मागा, त्यात ती बाल्कनी उघडी दाखवलेली असली तर मालकाने ती नकाशाबाहेर जाऊन बंद केली हे कागदावरच दिसेल. पोलिसात जाऊ का विचारलंत, भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, दुसऱ्याचा जीव निष्काळजीपणे धोक्यात घालण्याचं, पण माझं मत आज नको. आधी स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस जाऊ दे, पंधरा दिवसांत गिझर बाहेर मोकळ्या हवेत हलवा आणि खिडकी मोकळी करा, नाहीतर आम्ही जागा सोडतोय, डिपॉझिट परत करा. नोटीस पोचल्यावर "मला माहिती नव्हतं" म्हणायला त्याला जागा रहात नाही, आणि त्यानंतरही त्याने तोच गिझर तसाच ठेवून पुढच्यांना घर दिलं तर १२५ ची तक्रार मी स्वतः लिहून देईन.

नोटीस टाकायच्या आधी मात्र त्या स्लायडिंगचे, खिडकीचे, गिझरच्या बर्नरचे (ज्योत पिवळी आहे का निळी तेही, गिझर बंद ठेवण्याला हा एवढाच अपवाद, पण दार सताड उघडं ठेवून आणि गिझर चालवायला घरात दुसरं कोणीतरी असताना, मिनिटभरच) व्हिडिओ करून ठेवा, कारण नोटीस मिळाली की दुसऱ्या दिवशी सुतार आलाच म्हणून समजा. आणि वॉचमनकडून त्या आधीच्या कुटुंबाचा नंबर मिळतो का बघा.