लॉनमध्ये वेगळंच गवत उगवलंय, ते कोणतं हे कसं ओळखायचं?

पुण्यात घरापुढे कोरियन लॉन टाकलंत, पहिल्याच पावसात त्यात तीन-चार प्रकारची भलतीच गवतं आली आणि आता ती कोणती ते फोटोवरून सांगा म्हणताय. पण फोटोत नुसती हिरवी पाती आहेत हो, पात्यावरून भलेभले फसतात. गवत ओळखायचं ते तुऱ्यावरून, म्हणून जिथे हे वाढलंय तिथला हातभर तुकडा दोन-तीन आठवडे कापू नका, तुरा येऊ दे, बघितला की बी पडायच्या आत उपटा.

लव्हाळ्याला मात्र थांबायची गरज नाही. मशिन फिरवल्यावर दोन-तीन दिवसांत जे बाकीच्या लॉनच्या वर डोकं काढतं, चकचकीत असतं, ते बहुतेक तेच. त्याचा तुऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवा, बोटांना तीन कोपरे लागतात, गवताचा दांडा असा कधीच लागत नाही कारण लव्हाळा मुळात गवतच नाही, मोथ्याच्या कुळातला आहे (दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा ह्याच घरातला). हाताने ओढलात तर वरचं पान तेवढं हातात येतं आणि खालच्या काळपट गाठी जमिनीत राहतात, एकीला एक जोडलेल्या, आणि त्यातली प्रत्येक पुन्हा फुटते. तेव्हा खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचं, दुसरा सोपा मार्ग नाही.

बुंधा चपटा, पांढुरका, झुबका जमिनीला चिकटून पसरलेला आणि ओढताना जीव काढणारा असेल तर ती रान नाचणी. तुरा आला की खात्रीच पटते, नाचणीच्या कणसाचीच बारीक बोटं, त्यातलं एखादं बाकीच्यांपेक्षा जरा खाली फुटलेलं. वर्षायू आहे, म्हणजे एका हंगामात वाढून मरते, बी पडायच्या आधी काढलीत की बराचसा प्रश्न मिटतो. अशीच पण जाड आखूड बोटं असतील आणि प्रत्येकाच्या टोकाला काट्यासारखी अणी असेल तर ते वेगळं गवत, पण उपाय तोच.

आता हरळी. जमिनीवरून लांब धावणारे दोरे, पेरापेराला मुळं, तुऱ्याची बारीक बोटं सगळी एकाच बिंदूतून फुटलेली, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दुर्वाच. कोरियनचं पातं बारीक आणि टोचरं असतं, हरळीचं मऊ आणि जरा करडं हिरवं, त्यामुळे हात फिरवला तरी फरक कळतो. कोरियन सावकाश वाढतं, हरळी त्याच्यावरून सरळ पळत सुटते, आणि हरळीची मुळी म्हणतात ते काय उगाच नाही, एक पेर राहिलं तरी परत उभी. मला विचाराल तर चारांतली खरी डोकेदुखी हीच, छोटा डाग असेल तोवरच मातीसकट कापून तिथे कोरियन लॉनची नवीन चकती बसवा. शेजाऱ्यांचं लॉन 'सिलेक्शन वन' असेल तर ती हरळीचीच निवडक जात आहे, त्यांच्याकडून कुंपणाखालून येत असेल तर आधी कडेला फरशी नाहीतर पत्रा गाडा.

आणि भर टाकताना शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या, अर्धवट कुजलेल्यातून ह्यातली बरीच बियाणी येतात. तुरा आला की जवळून एक आणि बुंध्याचा एक असे दोन फोटो टाका, मग नक्की सांगतो.