बारावी ताईची, दहावी माझी

प्रश्न : नमस्कार. मी २९ वर्षांचा, सातपूरला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. ताई दोन वर्षांनी मोठी, लग्न होऊन पुण्यात. धाकटा दोन वर्षांनी लहान, तोही पुण्यातच राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. सिडकोतल्या घरात आईबाबांजवळ मीच. वीजबिल, गॅस, बाबांची शुगर तपासणी, पाण्याची मोटार बिघडली तर मिस्त्री शोधणं, सगळं माझ्याकडे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे आणि या वयात ती सांगायची लाज वाटते. घरात मी कोणाच्या खिजगणतीतच नाही. माझ्या दहावीला ताईची बारावी होती; केबल काढली ती तिच्यासाठी. तिची जुनी लेडीज सायकल मी शाळेत न्यायचो, पोरं चिडवायची. धाकट्याला मात्र गिअरची नवी. विचारलं की आई म्हणायची, ‘तू समजूतदार आहेस रे.’ माझ्या बारावीला धाकट्याची दहावी. त्याचं गणित कच्चं, म्हणून बाबा रोज रात्री त्याला घेऊन बसायचे.

आता घरावर मजला चढवायचा ठरलंय. कर्ज माझ्या पगारावर आणि वरची खोली धाकट्याला, ‘त्याचं लग्न झालं की लागेल.’ माझंही लग्न व्हायचंय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यात कंपनी मला चाकणच्या प्लांटला पाठवायचं म्हणतेय. जेवताना मी हे सांगितलं. आई म्हणाली, ‘बघ तुला काय जमतं ते,’ आणि लगेच धाकट्याच्या मुख्य परीक्षेचा विषय निघाला. जाऊ का निघून?
— मधला, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी कागदावर एक तक्ता मांडला. ताईची दहावी होती तेव्हा तुम्ही आठवीत, म्हणजे त्या वर्षी घर तिचं एकटीचं. धाकट्याच्या बारावीला तुम्ही कॉलेजात, तेव्हा घर त्याचं एकट्याचं. तुमच्या बोर्डाच्या दोन्ही परीक्षांना मात्र घरात आणखी कोणाची तरी परीक्षा होतीच. दोन-दोन वर्षांच्या अंतराने तीन मुलं असली की मधल्याचं असंच होतं, आईबाप कितीही समदृष्टीचे असले तरी.

हर्टविग, डेव्हिस आणि सलोवे या अभ्यासकांनी २००२ साली नेमका हाच हिशेब मांडला होता. आईबापांनी रोज अगदी सारखी वाटणी केली तरी शेवटी बेरजेत मधल्याचं कमीच भरतं. थोरल्याला दुसरं मूल येईपर्यंत अख्खे आईबाप मिळतात, धाकट्याला बाकीचे घराबाहेर पडल्यावर. मधल्याला ना आधी, ना नंतर. तेव्हा तुम्हाला टोचतंय ते खोटं नाही, आणि त्यासाठी आईला दोषी धरायचीही गरज नाही. (सायकलीचं मात्र चुकलंच. आठवी-नववीतल्या मुलाला लेडीज सायकल म्हणजे काय, हे बाबांना तरी कळायला हवं होतं.)

फक्त ‘मी मधला, म्हणून माझा स्वभावच दबका’ असं म्हणू नका. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड आडलर यांच्यापासून जन्मक्रमावरून स्वभाव सांगायची हौस चालत आली आहे. पण अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती २०१५ मध्ये तपासली, तेव्हा मोकळेपणा, मनाचं स्थैर्य, जुळवून घेणं, कामातली शिस्त, यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. तुम्हाला गप्प बसायची सवय लागली आहे आणि घराला ती सोयीची पडली आहे, इतकंच.

मजल्याबद्दल मात्र मी रोखठोक बोलणार. हप्ते भरले म्हणून घराला तुमचं नाव लागत नाही. घर बाबांच्या स्वकमाईचं असेल तर ते कोणाला द्यायचं हा त्यांचा अधिकार. मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्यामागे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही तिघं, ताईसकट, सारखे वाटेकरी. कोणी किती हप्ते भरले यावर वाटे ठरत नाहीत. म्हणून बँकेत सही करण्याआधी विचारा : हप्ता किती, धाकटा त्यात कधीपासून भर घालणार, वरची खोली कोणाची, आणि हे कागदावर कसं येणार? हे बोलणं धाकट्यासमोर करा, ताईला फोनवर घ्या. धाकट्याला वाईट वाटेल? वाटू दे. कर्ज तुमच्या पगारावर आहे हे कदाचित त्याला कोणी सांगितलंही नसेल.

आईने तुमची बातमी ऐकली, पण तुमची घालमेल तिला कशी दिसणार? तुम्ही ती ताटावर आणलीच नाहीत. ज्या पोराने कधी अडचण सांगितली नाही त्याला ती ‘बघ तुला काय जमतं ते’ असंच म्हणणार. तिच्या लेखी तो विश्वास आहे. तुम्हाला ते लागलं, हे तिला सांगा. ‘मला ठरवता येत नाहीये, तुला काय वाटतं?’ असं सरळ विचारा.

आणि एक. ताई पुण्यात, धाकटा पुण्यात. म्हणजे आज आईबाबा फक्त तुमच्या वाट्याला आहेत, आणि तुम्ही तो वेळ बिलं भरण्यात घालवताय! सुट्टीच्या दिवशी बाबांना लॅबमध्ये न्यायचं सोडून गाडीवर मागे बसवा आणि सोमेश्वरला नाहीतर गंगापूर धरणाकडे जा. वाटेत मिसळ खाल्लीत तर त्यांना पाव एकच. आईला वेगळ्या दिवशी न्या. दोघं एकत्र असले की गाडी धाकट्यावर घसरते, हे मी तुमच्या घरी न येताही सांगते.

चाकणला रागाने जाऊ नका. पगारवाढ, तिथलं भाडं, पुढची बढती, हे सगळं पाहून ठरवा. तुम्ही तिकडे भाड्याच्या खोलीत आणि इकडे तुमच्या हप्त्यांवर बांधलेल्या मजल्याला कुलूप, असं व्हायला नको. म्हणून दोन्ही निर्णय एकत्रच घ्या. कंपनीकडून पंधरा दिवस मागून घ्या, आणि तोवर बँकेचा फॉर्म भरू नका.