थिबा पॅलेस : रिकाम्या खोल्यांत बघायचं काय?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही रत्नागिरीला जातोय. बरोबर 72 वर्षांची आई आणि सहावीतला मुलगा. पूर्वी एकदा थिबा पॅलेसमधलं संग्रहालय पाहिलं होतं. काही जुन्या मूर्ती, राजाच्या मोजक्या वस्तू आणि बाकी मोकळ्या खोल्या. वीस मिनिटांत बाहेर पडलो. मुलाला इतिहासाची गोडी आहे. त्याला परत तिथं न्यावं, की सरळ गणपतीपुळे गाठावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : न्याच. मी रत्नागिरीची, त्यामुळे तुमची वीस मिनिटं मला जरा लागली. पण तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. काचेच्या कपाटांवर भिस्त ठेवली तर हाती फार लागत नाही. तिथं घर बघायचं असतं.

मुलाला फाटकातच सांगा, की हा राजवाडा कैद्यासाठी बांधलेला आहे. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा, आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि राजाला, राणी सुपयालतला बोटीत घालून आधी मद्रासला नेलं. 1886 मध्ये त्यांना आमच्या गावात आणून ठेवलं. राजा तेव्हा 27 वर्षांचा. हा वाडा उभा राहिला 1910 साली, तोवर 24 वर्षं दुसऱ्या बंगल्यांत गेली. राहायला आला तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. पुढं सहाच वर्षांत, डिसेंबर 1916 मध्ये, तो वारला.

एवढं कानावर घालून मग आत जा. आधी बाहेरून एक फेरी मारा. भिंती तांबड्या जांभ्याच्या. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवेवर कडक होतो. आमच्याकडे घर, विहीर, गडगा, सगळं त्याचंच. जवळ जाऊन बघितलं की चिऱ्याच्या अंगावरची बारीक भोकं दिसतात, पावसाळ्यात त्यांत शेवाळ धरतं. आणि या अस्सल कोकणी चिऱ्यांच्या वर अर्धगोल लाकडी खिडक्या, त्यांवर कोरीव काम. वाड्याच्या आराखड्यात राजानं स्वतः लक्ष घातलं होतं. मला तर त्या खिडक्यांपाशी दरवेळी थांबायला होतं. ज्याला घरी जायला मिळणार नव्हतं त्यानं घराची आठवण लाकडात करून घेतली, असं वाटत राहतं.

संगमरवरी फरशीच्या दिवाणखान्यात मुलाला मधोमध उभं करा आणि विचारा, इथं पाहुणे कोण येत असतील? परवानगीशिवाय राजाला गावाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. आईंना जिना झेपला नाही तर त्या खाली व्हरांड्यात बसतील, तिथं वारा चांगला असतो.

खोल्या मोकळ्या का, तेही सांगा. राजाच्या मागं राणीनं त्याचा देह ब्रह्मदेशी न्यायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ त्याचं दफनच झालं नाही. शेवटी 1919 साली ते इथंच झालं आणि त्याच वर्षी राणी मायदेशी परतली, वाडा रिकामा झाला. म्हणून वाड्यावरून परतताना शिवाजीनगरातल्या समाधीवर जाच. लोक वाडा बघतात आणि समाधी चुकवतात. राजाची दुसरी, धाकटी राणीही तिथंच विसावली आहे. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम या समाधीवर आले होते.

टुटूची गोष्टही मुलाला सांगा. राजाच्या थोरल्या मुलीचा, राजकन्येचा, त्यांच्याकडे चाकरीला असलेल्या गोपाळ सावंतांशी संबंध जुळला, त्यांची ही मुलगी. राजकन्याही पुढं रत्नागिरीलाच परतली आणि 1947 साली इथंच वारली. टुटूचं लग्न शंकर पवारांशी झालं. मराठी बोलणारी, कागदाची फुलं करून विकणारी राजाची नात 2000 सालापर्यंत आमच्या गावात होती. मूर्तींच्या पाट्या मुलगा विसरेल, हे विसरणार नाही.

वेळ उरला तर त्याच दिवशी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर करा. तेही कौलारू जुनं घर, आत त्यांच्या आयुष्याची चित्रं-कागद मांडलेत. दोन्ही घरं एका दिवशी बघावीत, कारण 1908 ते 1914 रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. नकाशा बरोबर ठेवा, मुलाला बोटानं रेघ ओढू द्या.

मे महिन्याचं ऊन आहे, वाड्यावर सकाळीच जा. दुरुस्तीमुळे कधी काही दालनं बंद असतात, आदल्या दिवशी चौकशी करा. सोमवार टाळा. गणपतीपुळे दुसऱ्या दिवशी ठेवा.