स्वतः बनवलेला सायलेन्सर, १९०(२)चं चलन आणि पाच मित्रांच्या ऑर्डरी

प्रश्न: मॅडम, मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत शीटमेटल डिझाइनला आहे. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकसाठी मी स्वतः एक्झॉस्ट डिझाइन केला. कॅटपर्यंत (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत) सगळं गाडीच्या कंपनीचंच, त्यामागचा पाइप आणि सायलेन्सर माझा. ३०४ स्टेनलेस, टिग वेल्डिंग, आत छिद्रांची नळी आणि ग्लासवूल. मधला रेझोनेटर (खालची घरघर दाबणारा डबा) मात्र काढून टाकला. गेल्या महिन्यात गंगापूर रोडला वाहतूक पोलिसांनी थांबवलं. आवाज मोजायचं मीटर त्यांच्याकडे नव्हतं. (मी घरी मोबाइलवरच्या ॲपने मोजला होता, ९२ आला होता.) चलनावर नियम १२० आणि कलम १९०(२) आहे. जवळच्या गॅरेजमध्ये सायलेन्सर काढायला लावला आणि ठेवून घेतला, पावती दिली नाही. आरसीवर सायलेन्सरचा उल्लेखच नसतो, मग मी बदल केला कसा? बाजारात तर असे पाइप राजरोस मिळतात. चलन कोर्टात लढवू का? माझा सायलेन्सर रोलरखाली जाण्याआधी परत मिळेल का? शिवाय पाच मित्रांनी तसाच पाइप बनवायला ॲडव्हान्स दिलाय. एकाला कॅट काढून हवाय, एकाला पाइप डाव्या बाजूने बाहेर काढून हवाय. बिलावर ‘फक्त रेस ट्रॅकसाठी’ असं लिहिलं तर माझ्यावर काही येणार नाही ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या पत्राचा बराचसा भाग चलनावर खर्च झालाय आणि पाच ऑर्डरींचा विषय शेवटी उरकलाय. माझ्या मते क्रम उलटा हवा होता. चलन हे पैशांत मिटणारं प्रकरण आहे. ऑर्डरी तशा मिटणार नाहीत. तरी तुम्ही विचारलंय त्याच क्रमाने जाऊ.

आरसीचा मुद्दा तुम्ही अगदीच हवेत काढलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच पालटतं, असं म्हटलं आहे. आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, सीसी, इंधन, रंग, आसनं, वजन असतं. सायलेन्सर नसतो. त्यामुळे ‘हा कलम ५२ चा बदलच नाही’ असा युक्तिवाद उभा करता येतो. समोरचा वकील मात्र लगेच ९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करेल. केरळमधून आलेल्या त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने घेतलेली सैल भूमिका रद्द झाली आणि उत्पादकाचे मूळ तपशील बदलता येणार नाहीत, असं कोर्टाने ठामपणे सांगितलं. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-ए(४) आहे. सुटे भाग बसवून केलेल्या बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण हा सगळा वाद तुमच्या प्रकरणात गैरलागू आहे, कारण पोलिसांनी तुम्हाला कलम ५२ लावलेलंच नाही. त्यांनी आवाजाचा नियम लावलाय. तिथे आरसीत काय आहे आणि काय नाही, याला काडीची किंमत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १२० दोन गोष्टी मागतो. एक, गाडीला सायलेन्सर हवा, म्हणजे धुराड्यातून सुटणाऱ्या वायूंचा आवाज प्रसरण-कक्षाने किंवा इतर मार्गाने शक्य तितका कमी करणारं साधन. दोन, गाडी पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या आवाजाच्या मानकांत बसली पाहिजे, आणि आवाज मोजायचा आयएस ३०२८ या भारतीय मानकाच्या पद्धतीने. चालकासह नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीसाठी ही मर्यादा ७४ डेसिबल आहे. ही चाचणी धावत्या गाडीची असते. मोकळ्या मैदानात गाडी वेग घेत मायक्रोफोनसमोरून जाते आणि मायक्रोफोन तिच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर असतो. म्हणून तुमचं ९२ आणि कायद्याचं ७४ यांची थेट तुलना होत नाही. तुम्ही मोबाइल कुठे धरला होता, इंजिन किती आरपीएमवर होतं, देव जाणे.

याचा फायदा तुम्हालाही मिळतो. भर रस्त्यात हवालदाराचा कान म्हणजे आयएस ३०२८ नव्हे. कोर्टात उलटतपासणीत हा प्रश्न जरूर विचारता येईल. पण नियमाच्या पहिल्या भागाला मीटर लागत नाही. ‘शक्य तितका कमी’ हे शब्द आहेत. कंपनीने दिलेला रेझोनेटर तुम्ही स्वतःच्या हाताने कापून बाजूला ठेवलाय. आवाज कमी करणारा भाग मुद्दाम काढला, याला तुमच्याकडे उत्तर काय? छिद्रांची नळी आणि ग्लासवूल हे उत्तर आहे, पण अर्धंच. शोषक पद्धतीचा सायलेन्सर वरच्या पट्टीचा आवाज खातो, खालची घरघर त्याला फारशी आवरत नाही. ती आवरायलाच रेझोनेटर असतो. हे मी डिझाइनरला सांगायची गरज नाही.

आता हिशेब मांडा. कलम १९०(२) मध्ये पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याला जोडूनच तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता आहे. कैद अशा प्रकरणात कुणी देत नाही, अपात्रतेची भीती मात्र खरी आहे. खटला लढवून हरलात तर दोषसिद्धी होते आणि अपात्रता त्याच मजकुरात बसलेली आहे. उलट कलम २०० खाली तडजोड शुल्क भरलं की खटला चालत नाही. माझा सल्ला भरण्याचा आहे. तुमच्या गाडीला सायलेन्सर खरोखर कंपनीचाच असता आणि उगाच अडवलं असतं, तर मी लढा म्हटलं असतं. आणखी एक: मीटर नव्हतं म्हणून कोर्टात ‘आवाज वाढलाच नव्हता’ असं शपथेवर सांगायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. तसं मी कुणाकडूनच वदवून घेणार नाही.

पैसे भरले की पाटी कोरी झाली, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कलम २०० च्या परंतुकात लिहिलं आहे की तडजोड झाली तरी तो गुन्हा ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. म्हणजे उद्या कॉलेज रोडला पुन्हा सापडलात तर तो दुसरा. मग कैदेची मर्यादा सहा महिन्यांवर जाते.

सायलेन्सर जप्त केला पण पावती दिली नाही, इथे मात्र पोलिसांची बाजू लंगडी आहे. वस्तू ताब्यात घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे जप्ती दाखवावी लागते आणि ती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कलम १०५ ने आता जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही अपेक्षित आहे. शहर वाहतूक शाखेला आजच साधा लेखी अर्ज द्या. तारीख, ठिकाण, चलन क्रमांक, सायलेन्सरचं वर्णन (वेल्डिंगची जागा, लांबी, व्यास, तुमचं ड्रॉइंग जोडा), आणि दोनच प्रश्न: कोणत्या कलमाखाली घेतला आणि जप्ती पंचनाम्याची प्रत द्या. तिसरी विनंती, कोर्टाच्या आदेशाशिवाय नष्ट करू नये. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. उत्तर आलं नाही तर त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग यांच्याकडे वस्तू परत मिळण्याचा अर्ज करता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४५७ होतं. सोबत हमीपत्र द्या की हा भाग सार्वजनिक रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीला बसवणार नाही. परत मिळेलच, असं वचन मी देत नाही. काही न्यायाधीश ‘गुन्ह्याचंच साधन, परत कशाला?’ असं म्हणतील. पण डिझाइनचा नमुना म्हणून मागितलात तर मागणी समजण्याजोगी आहे. हा अर्ज चलन भरण्याआधी द्या. प्रकरण बंद झाल्यावर त्या वस्तूला वाली राहत नाही.

आता त्या पाच ऑर्डरी.

‘बाजारात राजरोस मिळतात’ हा युक्तिवाद मला दर आठवड्याला ऐकू येतो. विकणं आणि रस्त्यावर वापरणं यांत कायद्याने फट ठेवली आहे, हे खरं. कलम १८२-ए(१) गाड्यांचे उत्पादक, आयातदार आणि विक्रेते यांना धरतं, (३) अधिसूचित महत्त्वाच्या सुरक्षा भागांना. पाइप बनवणारा फॅब्रिकेटर या शब्दांत सहज बसत नाही. परदेशी सायलेन्सरवर ई-मार्क कोरलेला दिसतो. तो युरोपातल्या मान्यतेचा शिक्का आहे, आपल्या नियमांत त्याने काही सिद्ध होत नाही. पण तुम्ही पाइप नुसता विकणार नाही आहात. एमएच १५ पाटीची गाडी शेडमध्ये घेणार, पाइप बसवणार, आणि ती गाडी तिथूनच रस्त्यावर जाणार. मित्र ती कुठे चालवणार हे तुम्हाला माहीत आहे, व्हॉट्सॲपवर लिहिलेलंही असेल. अशा वेळी भारतीय न्याय संहितेतली अपप्रेरणेची (गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देण्याची) कलमं, ४५ पासून पुढची, तुमच्या दिशेने वळवता येतात. बिलावरची ओळ त्या चॅटपुढे टिकणार नाही. उलट ती ओळ दाखवते की तुम्हाला नियम ठाऊक होता.

ती ओळ खरी ठरू शकते, पण त्यासाठी वागणंही तसंच लागतं. १९०(२) चा गुन्हा ‘सार्वजनिक ठिकाणी’ चालवण्याचा आहे. बंदिस्त ट्रॅकवर, ट्रेलरवर नेलेल्या गाडीवर तो लागत नाही. ग्राहकाने स्पर्धेची प्रवेशिका दाखवावी, पाइप सुटा न्यावा, तुम्ही बसवू नये. तुमच्या पाचांपैकी एकाने तरी ट्रेलरचा विषय काढलाय का?

कॅट काढून मागणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. ते प्रकरण आवाजाचं राहत नाही, उत्सर्जनाचं होतं. नियम ११५, पीयूसी, आणि बीएस-६ गाडी असेल तर डॅशबोर्डवरचा दिवाही. डाव्या बाजूच्या पाइपलाही नाही म्हणा. नियम ११२ प्रमाणे धूर मागे किंवा उजवीकडे सोडायचा असतो. डावीकडे आपल्याकडे पादचारी असतो. नियम ११३ मध्ये एक्झॉस्ट पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको, असंही आहे. शेडमध्ये अंदाजाने पाइप वाकवणाऱ्याला हे आठवत नाही, आणि आग लागली की विमा सर्वेक्षक पहिलं तेच मोजतो.

विम्याचं थोडक्यात. गाडीतला बदल कंपनीला कळवला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. तिऱ्हाइताला दुखापत झाली तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५० मध्ये विमा कंपनीचे बचाव मोजके आहेत आणि सायलेन्सर त्यांत नाही. महत्त्वाची माहिती दडवणं मात्र आहे.

मित्राची गाडी तुमच्या पाइपमुळे बिघडली, भाजलं, आग लागली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधलं उत्पादन-दायित्व आहे. कलम ८४ प्रमाणे डिझाइनमधला दोष पुरेसा आहे, आणि पुरेशी सूचना दिली नाही हेही. मित्र आहे म्हणून तो तक्रार करणार नाही, असं मी गृहीत धरणार नाही. आणखी एक कात्री: करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे कायद्याने मनाई केलेल्या हेतूचा करार शून्य ठरतो. म्हणजे कुणी पैसे बुडवले तर तुम्हाला वसुलीचा दावाही करता येणार नाही. ॲडव्हान्स बँकेतून परत करा, ‘पाइप बनवत नाही, रक्कम परत’ एवढा संदेश जोडून. आणि कंपनीचं टिग मशीन किंवा सॉफ्टवेअर लायसन्स या कामाला वापरलं असेल, तर नेमणूकपत्र एकदा काढून वाचा.

हात चांगला आहे तुमचा, हे ड्रॉइंगवरून कळतं. तो वापरायला वैध जागा आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ बाहा आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी गाड्या बनवतात, त्यांना एक्झॉस्ट लागतो, आणि फॉर्म्युला भारतमध्ये आवाजाची तपासणीही असते. कंपनीच्याच मापाचा, रेझोनेटरसकट, स्टेनलेसमध्ये बनवलेला बदली सायलेन्सर हीदेखील मागणी आहे. कंपनीचे सायलेन्सर पावसाळ्यात गंजतातच. त्या वाटेने जायचं असेल तर आधी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडे आयएस ३०२८ च्या चाचणीची चौकशी करा. तो अहवाल म्हणजे मान्यता नव्हे, पण वादाच्या वेळी हातात आकडा असतो. डिझाइन नोंदवायचं मनात असेल तर हेही लक्षात ठेवा की डिझाइन कायदा, २००० बाहेरच्या दिसण्याला संरक्षण देतो, आतल्या बॅफलच्या (आवाज अडवणाऱ्या पडद्यांच्या) कामाला नाही. शिवाय व्हिडिओ आधीच सगळीकडे टाकला असेल तर नवेपणा गेला.

लायसन्सबाबत पत्र आलं तर घाबरू नका, दुर्लक्षही करू नका. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०६(४) मध्ये १९० च्या गुन्ह्यासाठी लायसन्स आरटीओकडे पाठवायची तरतूद आहे, पण कलम १९ प्रमाणे अपात्र ठरवण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पेठ रोडच्या कार्यालयात सुनावणीला कंपनीचा सायलेन्सर आणि रेझोनेटर पुन्हा बसवल्याचं बिल, खालून काढलेले फोटो आणि नवीन पीयूसी घेऊन स्वतः जा. गाडी घेऊन गेलात तर आणखी बरं.