उद्यम नोंदणी आणि पहिलं कर्ज: एवढं आधी करा

कर्जाच्या आधी आपला उद्योग कोणत्या गटात बसतो ते पाहा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा अशा:

- सूक्ष्म: गुंतवणूक अडीच कोटी, उलाढाल १० कोटींपर्यंत
- लघु: २५ कोटी, १०० कोटी
- मध्यम: १२५ कोटी, ५०० कोटी

दोन्ही अटी एकत्र पाहतात. एक जरी ओलांडली तरी वरचा गट. गुंतवणूक म्हणजे यंत्रं आणि उपकरणं. जागा आणि इमारत धरत नाहीत, पण नवखे हमखास तीही त्यात मोजतात आणि उगाच घाबरतात. निर्यातही उलाढालीतून वगळतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे या तिन्ही गटांतल्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका, आधार आणि पॅन घेऊन स्वतः बसा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. सीजीटीएमएसई हा छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट. त्याची हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. त्यामुळे तारण न देता कर्ज मिळू शकतं, पण ते माफ होत नाही. हप्ता थकला तर वसुली तुमच्याकडूनच. हमीचं शुल्क किती आणि ते कोण भरणार, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

घरखर्च आणि धंदा एकाच खात्यात ठेवू नका. बँक आधी तुमचे व्यवहार वाचते, प्रकल्प अहवाल नंतर.

आणि हो, सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा पुरवठादार असाल तर लेखी करार असूनही ग्राहक पैसे द्यायला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेऊ शकत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. ट्रेड्स (थकलेल्या बिलांवर आधीच पैसे मिळवायची ऑनलाइन सोय) वगैरे पुढच्या वर्षी बघू.